काठीची लाज कशाला? दीर्घ आजारात रोज उपयोगी पडणारी साधने



मुखेड तालुक्यातील गावांत आणि वाडी-तांड्यांवर घरभेटीला गेलो की मी दोन प्रश्न हमखास विचारतो. पहिला, "घरात कुणाला साखर, बीपी, दमा, गुडघेदुखी आहे का?" उत्तर बहुतेक वेळा "आहे की" असे येते. दुसरा, "मग त्यासाठी घरात काय काय आहे?" तेव्हा खुंटीवरची एक प्लास्टिकची पिशवी समोर येते. तिच्यात संपलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटे, चालू गोळ्या आणि डॉक्टरांची घडी पडून फाटलेली चिठ्ठी असते. याखेरीज घरात काही नसते.

अशाच एका घरात गुडघ्याने बेजार झालेल्या आजीला मी म्हणालो, "आजी, काठी घ्या." आजी म्हणाल्या, "काठी धरली की लोकं थकली म्हणतेत, लेकाला नावं ठेवतेत." त्याच पावसाळ्यात त्या अंगणात घसरल्या आणि खुब्याचे हाड मोडले. तेव्हापासून त्या बाजेवर आहेत आणि त्यांचे सगळे करण्यासाठी सुनेची मजुरी बंद आहे. एका काठीची लाज त्या घराला फार महाग पडली.

दीर्घ आजार औषधाने बहुधा आटोक्यात राहतो, पण जात नाही. मधुमेह, रक्तदाब, संधिवात, दमा, अर्धांगवायू, सिकलसेल या आजारांसोबत माणसाला वीस-तीस वर्षे जगायचे असते. डॉक्टरांची भेट महिन्यातून एकदा, बाकीचे एकोणतीस दिवस घरात. ते दिवस सुकर करणारी साधी, स्वस्त साधने कोणती, ती कशी वापरावीत, सरकारकडून कोणती मिळतात आणि आपल्या विहारांनी यात काय करावे, याची माहिती कार्यकर्त्यांच्या हाताशी असावी म्हणून हा लेख.

बाबासाहेबही दीर्घ आजारी होते

जयंतीच्या भाषणांत बाबासाहेबांची विद्वत्ता येते, पण त्यांचा आजार क्वचितच येतो. त्यांना मधुमेह होता, पायांच्या मज्जातंतूंच्या वेदना होत्या, रक्तदाबाचा त्रास होता आणि उत्तरायुष्यात दृष्टी अधू झाली होती. संविधानाच्या मसुद्याचे काम चालू असतानाच प्रकृती ढासळत होती. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा विवाह डॉ. शारदा कबीर यांच्याशी झाला. त्या स्वतः डॉक्टर होत्या. इन्सुलिन, पथ्य, विश्रांती या सगळ्यांकडे माईसाहेबांनी लक्ष दिले. अखेरच्या वर्षांत बाबासाहेब काठीचा आणि नानकचंद रत्तू यांच्या खांद्याचा आधार घेऊन चालत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंना धम्मदीक्षा देणारा महामानव काठी घेऊन उभा होता. 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथही याच आजारपणात पूर्ण झाला.

ज्या समाजाचा उद्धारकर्ता काठी, चष्मा आणि इन्सुलिन घेऊन काम करत राहिला, त्या समाजात या वस्तूंची लाज का असावी?

सोणाची पादत्राणे

भिक्खूच्या चार मूलभूत गरजा आपण जाणतो : चीवर, पिंडपात, शयनासन आणि गिलानप्रत्यय भैषज्य. चौथी गरज आजारी माणसाला लागणाऱ्या औषधाची आणि साहित्याची आहे. तथागतांनी ती अन्न-वस्त्र-निवाऱ्याच्या रांगेत बसवली आहे.

विनयपिटकात याची उदाहरणे जागोजागी आहेत. चंपा नगरीचा सोण कोळिविस हा श्रीमंत घरातला, अतिशय नाजूक पायांचा तरुण भिक्खू झाला. चंक्रमण करता करता त्याचे पाय फुटले आणि चालण्याची वाट रक्ताने भरली. तथागतांनी त्याला वीणेच्या तारांचा दाखला देऊन प्रयत्नातला मध्यम मार्ग समजावला, आणि पुढे पादत्राणे वापरण्याची अनुमती दिली. सोणाने एकट्यासाठी सवलत नाकारली. संघाला मिळत असेल तरच घेईन, असे त्याचे म्हणणे पडले. तेव्हा तथागतांनी साऱ्या संघाला एकपदरी पादत्राणांची अनुमती दिली. पायांना भेगा पडलेल्या पिलिंदवच्छासाठी पायांना लावायच्या औषधाची अनुमती आली. दुबळ्या भिक्खूला काठी वापरता यावी अशी तरतूद झाली. औषधे ठेवायच्या पिशवीचीही अनुमती विनयात आहे.

सोणाच्या कथेत आपल्यासाठी मोठा धडा आहे. साधन एकट्याचे असले की त्याची लाज वाटते, ते सगळ्यांचे झाले की लाज उरत नाही. लेखाच्या शेवटी याच मुद्द्यावर परत येऊ.

घरात असावीत अशी साधने

*गोळ्यांची कप्प्यांची डबी.* सात दिवसांचे कप्पे असलेली प्लास्टिकची डबी औषध दुकानात मिळते. सकाळ-दुपार-रात्र असे तीन कप्पे असलेलीही मिळते. आठवड्यातून एकदा घरातल्या वाचता येणाऱ्या मुलाने किंवा मुलीने ती भरून ठेवावी. गोळी घेतली की नाही हा वाद मिटतो आणि एकच गोळी दोनदा घेण्याचा धोका टळतो. वाचता येत नसेल तर सकाळच्या कप्प्यावर सूर्य आणि रात्रीच्या कप्प्यावर चंद्र काढावा. गोळ्यांची मूळ पाकिटे फेकू नयेत. नाव, मात्रा आणि मुदत त्यांच्यावरच असते. ज्या गोळ्या पाकिटातच ठेवायच्या आहेत, त्या दुकानदाराला विचारून वेगळ्या ठेवाव्यात.

*बीपीचे यंत्र.* मनगटावरच्या यंत्रापेक्षा दंडाला पट्टा बांधायचे यंत्र अधिक भरवशाचे. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागून घ्यावा, कारण लहान पट्टा आकडा वाढवून दाखवतो. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, बिडी नको. पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे, पाय जमिनीवर आणि दंड हृदयाच्या पातळीला ठेवावा. आकडे तारखेसह वहीत लिहावेत. डॉक्टरांना एका दिवसाच्या आकड्यापेक्षा महिन्याची वही जास्त उपयोगी पडते.

*साखर मोजायचे यंत्र.* ग्लुकोमीटर घेताना यंत्राच्या किमतीपेक्षा स्ट्रिपची किंमत आधी विचारावी, कारण यंत्र एकदाच घ्यायचे आणि स्ट्रिप कायम लागतात. त्या यंत्राच्या स्ट्रिप मुखेडला मिळतात की दर वेळी नांदेडला जावे लागेल, हेही पाहावे. स्ट्रिपची डबी घट्ट बंद ठेवावी, ओल लागली की आकडा चुकतो. टोचण्यापूर्वी हात धुऊन कोरडे करावेत. गूळ किंवा फळ हाताळलेल्या बोटाने साखर खोटी जास्त दिसते. एकाची सुई दुसऱ्याला कधीही वापरू नये.

*खिशातली साखर.* इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी काही औषधे घेणाऱ्याची साखर कधी एकदम खाली जाते. घाम, थरथर, धडधड, चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी ही लक्षणे. आकडा ७० च्या खाली असला, किंवा यंत्र जवळ नसताना ही लक्षणे दिसली, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये, थेट दवाखाना गाठावा. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत, चैत्यभूमीच्या रांगेत, दीक्षाभूमीच्या प्रवासात जेवणाच्या वेळा हमखास चुकतात. सोबतच्या ज्येष्ठांच्या खिशात साखरेची पुडी, पाण्याची बाटली आणि नाव, आजार, औषधे व घरचा फोन लिहिलेली चिठ्ठी असलीच पाहिजे. हे पाहणे स्वयंसेवक तरुणांचे काम.

*इन्सुलिनसाठी माठ.* न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश तापमानात ठेवायचे असते. उघडलेली बाटली साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानात चालते, पण ती खोली तीस अंशांच्या आतली हवी. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो आणि पत्र्याच्या घरात तर आणखी वर. फ्रीज नसेल तर मोठ्या मातीच्या भांड्यात लहान भांडे ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरावी, वर ओले फडके टाकावे आणि सावलीत, वारा लागेल तिथे ठेवावे. इन्सुलिन आधी कोरड्या, झाकणाच्या डबीत घालावे, म्हणजे पाणी लागत नाही. हा उपाय वापरात असलेल्या बाटलीसाठी. माठ फ्रीजइतका थंड होत नाही, म्हणून जास्तीचा साठा घरी करू नये. फ्रीज असेल तर बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये, गोठलेले इन्सुलिन निकामी होते. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत जमा करून आरोग्य केंद्रात द्याव्यात. उकिरड्यावर टाकल्या तर त्या कुणाच्या तरी पायात किंवा लहान लेकराच्या हातात जातात.

*पायांसाठी चप्पल आणि आरसा.* जुन्या मधुमेहात पायांची संवेदना कमी होते. काटा रुतला, खडा घुसला तरी कळत नाही. जखम चिघळते आणि कधी बोट, कधी पाय कापावा लागतो. कुष्ठरोगात संवेदना गेलेल्या पायांसाठी एमसीआर रबराच्या मऊ चपला आपल्या देशात फार पूर्वीपासून बनतात. तीच चप्पल मधुमेहींच्या उपयोगाची आहे. आत मऊ तळ, खाली टणक तळ, मागे पट्टा आणि अंगठ्यात खुंटी नाही, अशी असावी. पाय सायंकाळी थोडे सुजतात, म्हणून माप सायंकाळी द्यावे. चप्पल घालण्याआधी उलटी करून झटकावी. रोज रात्री लहान आरसा जमिनीवर ठेवून तळपाय पाहावा. नजर कमी असेल तर नातवंडांनी पाहावा. शेतात, अंगणात, घरातही अनवाणी फिरू नये. विहारात चपला बाहेर काढाव्या लागतात. उन्हात तापलेल्या फरशीने संवेदना गेलेल्या पायाला फोड येतात, आणि ते माणसाला कळतही नाही. अशा उपासकांसाठी दारापासून चटई किंवा सतरंजी अंथरणे एवढे तरी विहार समितीने करावे.

*काठी आणि वॉकर.* काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची, हे अनेकांना माहीतच नसते. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात, आणि दुखरा पाय व काठी बरोबर पुढे टाकायची. सरळ उभे राहून हात खाली सोडल्यावर मनगटाची घडी जिथे येते, तिथे काठीची मूठ आली पाहिजे. टोकाचे रबर झिजले की लगेच बदलावे. गुळगुळीत रबराची काठी पावसाळ्यात आधार देण्याऐवजी पाडते. तोल जास्त जात असेल तर तीन किंवा चार पायांची काठी, त्याहून जास्त असेल तर वॉकर.

*कमोड खुर्ची आणि भिंतीचा आधार.* गुडघेदुखी, पक्षाघात, खुब्याचे ऑपरेशन झालेल्यांना उकिडवे बसता येत नाही. कित्येक बाया संडासला जावे लागू नये म्हणून पाणीच कमी पितात, कमी खातात. त्यातून आणखी आजार उभे राहतात. आपल्या भारतीय पद्धतीच्या भांड्यावर ठेवायची, मधे भोक असलेली खुर्ची मिळते. सोबत संडासाच्या भिंतीत एक पक्का लोखंडी पाइप बसवून घ्यावा. बाज ठेंगणी असेल तर चारही पायांखाली लाकडी ठोकळे पक्के बसवून ती गुडघ्याच्या उंचीवर आणावी, उठणे सोपे जाते.

*स्वयंपाकघरात.* संधिवाताने बोटे आखडलेल्या बाईला पातळ दांड्याचा झारा धरवत नाही. दांड्याला जुन्या कापडाची जाड पट्टी किंवा सायकलची ट्यूब गुंडाळावी. विळीऐवजी उंचावर ठेवलेला पाट आणि सुरी, जड हंड्याऐवजी दोन लहान कळश्या, आणि चुलीपुढे बसण्यासाठी ठेंगणे स्टूल. यातली बहुतेक साधने घरातच आहेत, फक्त घरच्यांनी तिच्याकडे लक्ष द्यायला हवे.

*दम्याचा पंप आणि स्पेसर.* पंपाची सवय लागते, तो शेवटचा उपाय असतो, हा गैरसमज आहे. पंपातले औषध थेट फुप्फुसात जाते, म्हणून मात्रा थोडी पुरते. लहान मुले आणि वृद्धांना पंप दाबणे व श्वास ओढणे एकाच वेळी जमत नाही, तेव्हा मधे स्पेसर लावावा. तो परवडत नसेल तर अर्ध्या लिटरच्या स्वच्छ प्लास्टिक बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचे भोक पाडून पंप घट्ट बसवावा आणि बाटलीच्या तोंडाने श्वास घ्यावा. कसे करायचे ते डॉक्टरांकडून किंवा परिचारिकेकडून एकदा पाहून घ्यावे. स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरावी.

*अंथरुणाला खिळलेल्यांसाठी.* दर दोन तासांनी कूस बदलणे हे पहिले औषध. पंपावर चालणारी हवेची गादी मदत करते, पण ती कूस बदलण्याची जागा घेत नाही. मधे भोक असलेली हवेची चकती वापरू नये, तिच्या कडेला दाब पडून रक्तपुरवठा कमी होतो. टाचांखाली नव्हे तर पोटऱ्यांखाली उशी ठेवावी, म्हणजे टाचा अधांतरी राहतात.

*सिकलसेल.* हा आजार विदर्भात आपल्या समाजातही आहे, आणि आपल्या जिल्ह्यात किनवटकडील आदिवासी भागात आढळतो. पाण्याची बाटली कायम जवळ, थंडीत स्वेटर-मोजे, आणि शाळेत पाणी प्यायची व लघवीला जायची मोकळीक. लग्न ठरवण्याआधी दोघांची रक्ततपासणी हाही प्रतिबंधाचा भाग आहे.

फसव्या वस्तूंपासून सावध

बाजारात, जत्रेत, आता मोबाईलवरही साखर कायमची घालवणारे कडे, चुंबकाचा पट्टा, सांधे मोकळे करणारी काटेरी अॅक्युप्रेशर चप्पल विकली जाते. संवेदना गेलेल्या पायाला काटेरी चप्पल म्हणजे जखमेला आमंत्रण. अशा पायांना गरम पाण्याच्या पिशवीचा शेकही देऊ नये, भाजलेले कळत नाही. कुणी सांगितले म्हणून, परंपरा आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखा, ही कालाम सुत्ताची शिकवण खरेदीच्या वेळीही लागू आहे. आणि कुठल्याही साधनामुळे चालू औषध स्वतःहून बंद करू नका.

सरकारकडून काय मिळते

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. बीपी-साखरेच्या नेहमीच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपजिल्हा रुग्णालयात मागाव्यात. बाहेरून घ्यायच्या असतील तर जनऔषधी केंद्रात त्याच औषधाची किंमत विचारावी.

मुख्यमंत्री वयोश्री योजना राज्याने २०२४ मध्ये आणली. वय ६५ वर्षे पूर्ण आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्यांना एकदाच ३,००० रुपये थेट बँक खात्यात देण्याची ती योजना आहे. चष्मा, श्रवणयंत्र, ट्रायपॉड काठी, व्हीलचेअर, फोल्डिंग वॉकर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा व कमरेचा पट्टा, मानेची कॉलर यांसाठी ही रक्कम आहे. खरेदीची पावती जपून ठेवावी. चौकशी समाजकल्याण विभागाच्या सहायक आयुक्त कार्यालयात करावी.

केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे. ६० वर्षांवरील गरीब ज्येष्ठांना शिबिरात तपासून काठी, वॉकर, व्हीलचेअर, श्रवणयंत्र, चष्मा, कवळी अशी साधने मोफत दिली जातात. ती कानपूरची अलिम्को ही सरकारी संस्था पुरवते.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकारचे दिव्यांगत्व मान्य आहे. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, पार्किन्सन, कुष्ठमुक्त व्यक्ती हेही त्यात येतात. म्हणून दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून घ्यावे. त्याच्या आधारे एडिप योजनेतून साधने मिळू शकतात.

ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांसाठी आणि १५ टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करणे बंधनकारक आहे. ग्रामसभेत उभे राहून हिशेब मागा आणि वॉकर, कमोड खुर्ची, बीपी यंत्र यांची मागणी ठरावात घ्यायला लावा. सभागृहाच्या रंगरंगोटीपेक्षा हा खर्च कितीतरी खरा आहे.

विहारात साधन पेढी

आता सोणाच्या कथेकडे परत येऊ. वॉकर, व्हीलचेअर, हवेची गादी ही साधने अनेकांना काही महिनेच लागतात. हाड जुळले की वॉकर माळ्यावर जातो, आणि दोन घरे सोडून दुसरा माणूस भिंत धरून चालत असतो. आपल्या जवळपास प्रत्येक वस्तीत विहार आहे. तिथे एक लोखंडी कपाट, एक वही आणि दोन जबाबदार तरुण, एवढ्यावर साधन पेढी सुरू होते.

सुरुवातीला दोन वॉकर, चार काठ्या, दोन कमोड खुर्च्या, एक व्हीलचेअर, एक हवेची गादी आणि एक बीपी यंत्र पुरे. वहीत नाव, वस्तू, दिल्याची व परतीची तारीख लिहावी. भाडे घेऊ नये. परत आलेली वस्तू साबणाच्या पाण्याने धुऊन, उन्हात वाळवून, रबर-स्क्रू तपासून मगच पुढे द्यावी. दर पौर्णिमेला वंदनेनंतर ज्येष्ठांचे बीपी मोजून वहीत लिहावे. ज्याचा आकडा सतत जास्त त्याला सोबत घेऊन दवाखान्यात जावे. घरात कुणी गेले की त्यांची साधने पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहाराला दान द्यावीत.

पैसा कुठून येईल, असे तरुण विचारतात. जयंतीच्या एका रात्रीच्या डीजेला किती लागतात ते आपण सगळे जाणतो. जयंती धूमधडाक्यात व्हावी, त्यात दुमत नाही. पण वर्गणीचा एक वाटा गिलानप्रत्ययासाठी बाजूला निघाला तर पहिल्याच वर्षी कपाट भरेल.

यात एक हिशेब स्त्रियांचाही आहे. घरातला माणूस आजारी पडला की त्याला उचलणे, बसवणे, धुणे हे सून, लेक, बायको यांच्यावर येते. तिची मजुरी बुडते, मुलीची शाळा सुटते, तिची स्वतःची कंबर जाते. एका कमोड खुर्चीने आजारी माणसाला स्वतःचे स्वतः करता आले तर दोन माणसे मोकळी होतात. त्यामुळे साधन घेणे हा आजाऱ्याच्या सन्मानाइतकाच घरातल्या बाईच्या श्रमाचा प्रश्न आहे.

अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडलेल्या, कुणीही न विचारलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः आंघोळ घातली, उचलून बिछान्यावर निजवले आणि आजाऱ्याची सेवा ही माझीच सेवा समजा, असे संघाला बजावले. या वर्षीच्या वर्षावासात प्रत्येक विहाराने आपल्या वस्तीतील दीर्घ आजारी माणसांची यादी करावी, प्रत्येक घरात जाऊन काय लागते ते विचारावे आणि पहिली काठी समितीच्या सगळ्यात ज्येष्ठ सभासदाने हातात घेऊन विहारात यावे. मग आमच्या आजींसारख्या दुसऱ्या कुणाला लोक काय म्हणतील याची भीती राहणार नाही.

जय भीम!